राखून ठेवलेला निकाल

इ.स. ४२६ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या हद्रुमेतुम येथील एका मठात भांडण पेटले. हे गाव म्हणजे आजच्या ट्युनिशियातले सूस. मठातला फ्लोरुस नावाचा साधू आपल्या मूळ गावी गेला असताना त्याच्या हाती हिप्पोचा बिशप ऑगस्टिन याचे एक जुने, लांबलचक पत्र पडले. त्याने ते सोबत्याकडून उतरवून घेतले आणि ती प्रत मठात पोचली. माणसाचे तारण सर्वस्वी देवाच्या कृपेने होते, ते कुणाच्या पुण्याईचे बक्षीस नसते, असा त्या पत्राचा रोख होता.

मठातल्या साध्यासुध्या माणसांना त्यातून एक रोकडा प्रश्न सुचला. सगळे कृपेनेच होत असेल, तर मठाधिपती आम्हांला रागावतात कशाला? त्यांनी नियम सांगावेत आणि ते आमच्या हातून पाळले जावेत म्हणून प्रार्थना करावी. नियम मोडला तर दोष आमचा कसा? तो पाळण्याची कृपा आम्हांला मिळाली नाही, इतकेच.

पळवाट शोधणाऱ्या माणसाचा प्रश्न वाटतो खरा. पण पुढची पंधराशे वर्षे युरोपातल्या मोठमोठ्या पंडितांनी या विषयावर जे लिहिले, त्यात याहून नेमका प्रश्न क्वचितच सापडेल. त्याच्या पोटात दोन वेगवेगळे आक्षेप आहेत. पहिला असा, की सारा भार कृपेवर टाकला तर माणूस हातपाय गाळून बसेल. दुसरा असा, की देव एकाला कृपा देतो आणि दुसऱ्याला देत नाही, तर तो न्यायी कसा? या प्रकरणात पुढे दिसेल की पहिल्या आक्षेपाला इतिहासाने चोख उत्तर दिले आहे. दुसरा मात्र अजून तसाच उभा आहे.

‘तारण’ हा शब्द मराठी वाचक ‘मोक्ष’ या अर्थाने वाचण्याची शक्यता आहे. दोन्हींत सुटका आहे, पण ख्रिस्ती माणसाला ही सुटका पापापासून आणि मरणाच्या सत्तेपासून हवी असते, आणि तिचा शेवट देवाशी पुन्हा जुळलेल्या नात्यात होतो. मुख्य फरक काळाचा आहे. इथे पुनर्जन्म नाही. या जन्मी राहिले ते पुढच्या जन्मी करू, अशी सोय नाही. एकच आयुष्य आणि त्यानंतर एकच न्याय. म्हणून या आयुष्यातले पहिले पाऊल कोण टाकतो, माणूस की देव, हा प्रश्न ख्रिस्ती जगात इतका जीवघेणा झाला.

ऑगस्टिनला हा प्रश्न पुस्तकात सापडला नव्हता. तो ३५४ साली आजच्या अल्जीरियातल्या थागास्ते या गावी जन्मला. आई मोनिका श्रद्धाळू ख्रिस्ती, मुलगा हुशार आणि महत्त्वाकांक्षी. वक्तृत्वाचा शिक्षक म्हणून नाव काढत तो ३८४ मध्ये मिलानला पोचला. एका स्त्रीबरोबर तो बरीच वर्षे राहत होता आणि तिच्यापासून त्याला अदेओदातुस नावाचा मुलगा होता. घरंदाज मुलीशी लग्न ठरले म्हणून त्या स्त्रीला आफ्रिकेला परत धाडण्यात आले. वाग्दत्त वधू वयाने लहान होती, आणखी दोन वर्षे थांबणे भाग होते. तेवढाही धीर ऑगस्टिनला निघाला नाही. त्याने दुसरी बाई ठेवली. हे सगळे त्याने स्वतःच ‘कन्फेशन्स’ या ग्रंथात लिहून ठेवले आहे.

त्याच ग्रंथात ३८६ सालच्या मिलानमधल्या बागेचा प्रसंग येतो. तोवर ऑगस्टिनच्या बुद्धीला ख्रिस्ती धर्म पटलेला आहे. शंका उरलेली नाही. उरला आहे फक्त निश्चय, आणि तो होत नाही. आपल्याच मनाकडे बघून तो चक्रावतो. हात उचलायचे मनात आले की हात उचलला जातो, तिथे हुकूम आणि अंमल यांत अंतर पडत नाही. पण मन मनालाच ‘बदल’ म्हणते तेव्हा ते जागचे हलत नाही. बदलावे असे वाटणारा मीच आणि अडून बसलेलाही मीच. पहाटे उठायचे, दारू सोडायची, भावाशी अबोला मोडायचा, असे ठरवून ज्याने कधी हार खाल्ली असेल, त्याला ही तक्रार ओळखीची वाटेल. तो अंजिराच्या झाडाखाली रडत असताना शेजारच्या घरातून एखाद्या लहान मुलाचा आवाज आला. उचल आणि वाच, असे काहीसे ते मूल पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्याने प्रेषित पौलाच्या पत्रांची पोथी उघडली, समोर आलेला मजकूर वाचला आणि जे वर्षानुवर्षे होत नव्हते ते क्षणात झाले. पुढच्या वर्षीच्या ईस्टरला मिलानचा बिशप अँब्रोज याने त्याला बाप्तिस्मा दिला.

हे आपण केले, असे म्हणायला ऑगस्टिनची जीभ पुढे कधीच वळली नाही. ते आपल्याला मिळाले, असेच तो म्हणत राहिला. त्याचा सारा कृपाविचार या एका अनुभवाचा विस्तार आहे.

याच सुमारास रोममध्ये पेलाजियस नावाचा ब्रिटनहून आलेला एक विरक्त माणूस लोकांना शिकवत होता. पेलाजियसला पुढे पाखंडी ठरवले गेले, त्यामुळे त्याचे चित्र बहुतेक त्याच्या विरोधकांनीच रंगवले. प्रत्यक्षात तो कडक आचाराचा, तळमळीचा गुरू होता. रोममध्ये ख्रिस्ती होणे आता प्रतिष्ठेचे झाले होते आणि धर्मांतर केलेली बडी मंडळी पूर्वीसारखीच चैनीत राहत होती. त्यांची पळवाट एकच: काय करणार, माणूस दुबळाच! ऑगस्टिनच्या ग्रंथात एक प्रार्थना आहे. देवाने जे करायला सांगितले ते करण्याची ताकदही त्यानेच द्यावी, असा तिचा भाव. एका बिशपच्या तोंडून ती ऐकताच पेलाजियस संतापला, असे स्वतः ऑगस्टिनने नोंदवले आहे. राग समजण्यासारखा आहे. पेलाजियसच्या मते देव न जमणारी आज्ञा देत नाही. पाहण्याची शक्ती डोळ्यांना देवाने दिली. चांगले पाहायचे की वाईट, हे आपल्या हाती. कृपा म्हणजे हा स्वभाव, देवाच्या नियमशास्त्राचा उपदेश, ख्रिस्ताचे उदाहरण आणि झालेल्या पापांची क्षमा. एवढे मिळाल्यावर पुढे चालायचे ते माणसानेच.

४१० साली गॉथांनी रोम लुटले. त्या धामधुमीत पेलाजियस आफ्रिकेला आणि तिथून पॅलेस्टाइनला गेला. कार्थेजमध्ये ऑगस्टिनने त्याला एकदोनदा पाहिले, पण दोघांची निवांत बैठक काही झाली नाही. झाली असती तर, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. पेलाजियसचा शिष्य केलेस्टियस याला कार्थेजमध्ये दोषी ठरवले गेले. खुद्द पेलाजियसला ४१५ मध्ये पॅलेस्टाइनमधल्या धर्मसभेने निर्दोष सोडले. मग पोप पहिले इनोसंट यांनी त्याला दोषी धरले, त्यांच्यानंतरचे पोप झोसिमस यांनी आधी मोकळे केले आणि ४१८ मध्ये सम्राट होनोरियसचा हद्दपारीचा हुकूम निघाल्यावर पुन्हा दोषी धरले. मनाच्या स्वातंत्र्याचा निवाडा होताना राजसत्तेचा हात असा मध्ये आला, ही या कथेतली क्लेशदायक गोष्ट आहे.

वाद वाढत गेला तसा ऑगस्टिन अधिक कठोर झाला. आदामाच्या पापात सारी मानवजात सामील आहे, या मताला त्याने पौलाच्या रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातल्या बाराव्या ओवीचा आधार घेतला. त्याच्या हातातल्या लॅटिन भाषांतरात तिथे ‘ज्याच्यामध्ये सर्वांनी पाप केले’ असा अर्थ लागत होता. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ आज बहुतेक अभ्यासक ‘कारण सर्वांनी पाप केले’ असा लावतात. मूळपापाच्या सिद्धान्ताचे आधार आणखीही होते, पण दोन लहानशा शब्दांच्या भाषांतराने त्यात केवढा भार उचलला! बाप्तिस्म्याशिवाय मेलेली तान्ही मुलेही शिक्षेस पात्र ठरतात, फक्त ती शिक्षा सर्वांत सौम्य असेल, इथवर ऑगस्टिन गेला. इटलीतला एक्लानुमचा बिशप ज्युलियन यावर तुटून पडला. लहान मुलांना दोषी धरणारा देव न्यायी कसा, हा त्याचा सवाल. त्याला बिशपपद गमवावे लागले, तरी तो लिहीत राहिला. ४३० साली व्हँडल टोळ्यांनी हिप्पोला वेढा घातलेला असताना ऑगस्टिनचा मृत्यू झाला, तेव्हा ज्युलियनला दिलेले उत्तर त्याच्या मेजावर अपुरेच होते. कमकुवत मनाचा कारभार ऑगस्टिनला पेलाजियसपेक्षा कितीतरी अधिक कळला होता. पण तान्ह्या मुलांच्या बाबतीत बाजू ज्युलियनची खरी होती.

हद्रुमेतुमच्या साधूंना मात्र ऑगस्टिनने ममतेने हाताळले. बहात्तर वर्षांचा, कामाने दबलेला हा बिशप मठातून आलेल्या दोन तरुण साधूंना ईस्टर होईपर्यंत आपल्याकडे ठेवून घेतो, त्यांना समजावतो आणि त्यांच्या मठासाठी एकामागून एक दोन पुस्तके लिहितो. शास्त्रात आज्ञा आहेत, म्हणजे माणसाला इच्छा आहे. शास्त्रात प्रार्थना आहेत, म्हणजे त्या इच्छेला मदत लागते. आणि रागावणे? वैद्याच्या शस्त्रासारखे तेही कृपेचे साधन असू शकते. बोलणी खाल्ल्याने जी कळ उठते, तिच्यातूनच प्रार्थना निघेल.

याच काळात दक्षिण फ्रान्समधल्या मठांनी मधला मार्ग सुचवला: पहिले लहानसे पाऊल माणसाचे, मग कृपा धावून येते. जॉन कॅसियन हे त्यांतले मोठे नाव. ५२९ साली ओरांजच्या धर्मसभेने ते नाकारले आणि श्रद्धेची सुरुवातही कृपेनेच होते असे ठरवले. पण देव कुणाला पापासाठीच नेमतो हे मतही तिने तितक्याच ठामपणे धिक्कारले. पूर्वेकडच्या ग्रीक चर्चला हा सगळा वाद कधी एवढा जाचला नाही. देव आणि माणूस मिळून काम करतात, असे तिथे सहजपणे शिकवले गेले, आणि कॅसियन तिथे संत म्हणून पूजनीय आहे.

हजार वर्षांनी ही ठिणगी पुन्हा पडली. १५२४ मध्ये विद्वान इरास्मसने धर्मसुधारक मार्टिन लूथरविरुद्ध इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली. त्याने एका बापाचे उदाहरण दिले. नुकते पाऊल टाकू लागलेले मूल पडते, बाप त्याला उभे करतो, समोर सफरचंद धरतो, हात देऊन तिथवर नेतो आणि फळ हातात ठेवतो. मुलाने काहीच केले नाही असे म्हणवत नाही, आणि स्वतःच्या बळावर केले असेही म्हणवत नाही. हा दृष्टान्त वाचताना भारतीय वाचकाला श्रीवैष्णवांचा जुना वाद आठवेल: माकडाचे पिल्लू आईला निदान घट्ट धरून तरी असते, मांजरीचे पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला मानेला धरून नेते. जर्मन धर्मशास्त्रज्ञ रुडॉल्फ ऑट्टो याने विसाव्या शतकात भारतीय कृपामार्ग आणि ख्रिस्ती धर्म यांची तुलना करताना याच माकड-मांजर न्यायाची दखल घेतली होती. लूथर अर्थातच मांजरीच्या बाजूचा. १५२५ च्या अखेरीस आलेल्या त्याच्या उत्तरात माणसाची इच्छा हे ओझ्याचे जनावर आहे; देव स्वार झाला तर देवाच्या वाटेने जाते, सैतान स्वार झाला तर सैतानाच्या.

हे वाचून लूथर निर्दय वाटतो. पण त्याच पुस्तकाच्या शेवटी तो एक कबुली देतो. स्वतंत्र इच्छा मला देऊ केली तरी मी ती घेणार नाही, असा तिचा आशय आहे. कारण तारण माझ्या हाती असते तर पुरेसे केले की नाही या धास्तीतून मी कधीच सुटलो नसतो. मठात असताना उपासतापास आणि पापनिवेदने करून करून थकलेला माणूस हे बोलतो आहे. ज्याला इतरांनी बेडी म्हटले, ती त्याला सुटका वाटत होती.

नेदरलँड्समध्ये हाच वाद रस्त्यावर आला. तारण सर्वस्वी देवाच्या निवडीवर सोडणारा धर्मसुधारक कॅल्व्हिन याच्या परंपरेतला प्राध्यापक आर्मिनियस याच्या अनुयायांचे म्हणणे असे की माणूस कृपा नाकारू शकतो. डॉर्डरेख्तच्या धर्मसभेने १६१९ मध्ये त्यांना फेटाळले. त्यांच्या पाठीशी उभा असलेला मुत्सद्दी ओल्डेनबार्नेफेल्ट याचा १३ मे १६१९ रोजी शिरच्छेद झाला. त्यामागे राजकारण होतेच, पण कृपेच्या नावाने सुरू झालेली चर्चा तलवारीपाशी संपली, हे विसरता येत नाही. त्याच बाजूच्या विधिज्ञ ग्रोटियसला जन्मठेप झाली आणि दोन वर्षांनी तो पुस्तकांच्या पेटीत लपून तुरुंगातून निसटला.

कॅथलिक जगात त्याआधीच वेगळी रंगत चढली होती. १५८८ साली लुईस दे मोलिना या स्पॅनिश जेझुइटाचा ग्रंथ लिस्बनमध्ये छापला गेला. त्याने एक बुद्धिमान तोडगा काढला. जुन्या करारातल्या पहिल्या शमुवेलाच्या पुस्तकात शौल राजा पाठलाग करत असताना कईला गावात थांबलेला दावीद देवाला विचारतो: शौल इथे येईल का? गावकरी मला त्याच्या हवाली करतील का? दोन्हींना होकार मिळतो. दावीद गाव सोडतो आणि यांतले काहीच घडत नाही. म्हणजे जे घडलेच नाही, पण अमुक परिस्थितीत नक्की घडले असते, तेही देवाला माहीत होते. मोलिना म्हणाला, प्रत्येक माणूस प्रत्येक परिस्थितीत मोकळेपणाने काय करील हे देव आधीच जाणतो आणि त्यानुसार कृपेची योजना करतो. माणूस मोकळा राहिला आणि देवाची योजनाही अबाधित राहिली.

डोमिनिकन पंथाच्या दोमिंगो बान्येझला हे अजिबात मान्य नव्हते. हा अविलाच्या संत तेरेसाचा पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू, त्यामुळे आध्यात्मिक जीवनाशी त्याची चांगली ओळख होती. त्याच्या मते मोलिनाच्या मांडणीत देव माणसाच्या होकाराची वाट पाहत बसतो. खरे तर देवच इच्छेला आधी हालवतो, आणि इच्छा स्वभावाने मोकळी असल्यामुळे तिला मोकळेपणानेच हालवतो. डोमिनिकनांनी जेझुइटांना पेलाजियसचे वारस ठरवले, जेझुइटांनी त्यांना कॅल्व्हिनचे. वाद विद्यापीठांतून प्रवचनपीठांवर आला, तेव्हा पोप आठवे क्लेमेंट यांनी तो रोमला ओढून घेतला.

१५९८ ते १६०७ अशी सुमारे दहा वर्षे सुनावणी चालली. चर्चेच्या तब्बल ८५ बैठका झाल्या. १६०२ पासून स्वतः पोप समोर बसून ऐकत होते. नेमलेल्या समितीचा कल मोलिनाविरुद्ध होता. १६०५ मध्ये क्लेमेंट वारले आणि नवे पोप पाचवे पॉल यांनी २८ ऑगस्ट १६०७ रोजी, नेमक्या संत ऑगस्टिनच्या सणादिवशी, कार्डिनलांना शेवटचे विचारले. मग त्यांनी जाहीर केले, की दोन्ही पंथांनी आपापले मत शिकवावे, एकमेकांना पाखंडी म्हणू नये आणि पोपच्या निकालाची वाट पाहावी. चार वर्षांनी, १६११ मध्ये, कृपेच्या विषयावर परवानगीशिवाय काही छापण्यासही बंदी आली. ज्या काळात स्पेन-इटलीतल्या जेझुइटांवर हे बंधन पडले, त्याच काळात गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट तारणाची सारी कथा मराठी ओवीत रचत होता. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला छापले गेले.

आता त्या पहिल्या आक्षेपाकडे येऊ: कृपेवर भरवसा ठेवणारा माणूस हातपाय गाळून बसतो का?

पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्यावे. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर त्यांचे बालपण तीर्थयात्रांत गेले. व्रते, स्नाने, दाने, जप यांत कुटुंबाची सगळी पुंजी संपली आणि आईवडील अन्नावाचून खंगून गेले. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पण १९०७ सालच्या आत्मकथनात त्या सांगतात, की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तारण कमवायचे नसते, ते फुकट मिळालेले दान असते, हे त्यांच्या मनात उतरायला पुढे सुमारे आठ वर्षे जावी लागली. ज्या मुलीने आईबापांना पुण्य साठवता साठवता उपाशी मरताना पाहिले, तिच्या कानांवर ‘फुकट’ हा शब्द कसा पडला असेल! आणि त्यानंतर त्या काय करत बसल्या? १८९६ च्या आणि १९०० च्या दुष्काळांत फिरून शेकडो मुलीबाळींना त्यांनी केडगावच्या मुक्तिसदनात आणले, त्यांना शिकवले, शेती, विणकाम आणि छपाई उभी केली. हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत उतरवले. १९२२ मध्ये देहावसान होईपर्यंत त्या या भाषांतराचे काम करत होत्या. ऑगस्टिनच्या ग्रंथांचा ढीग, लूथरची पुस्तके, रमाबाईंचे केडगाव: आपल्या हाती काही नाही असे म्हणणाऱ्यांनीच इतके केले. फेडायचे कर्ज संपले की हात कामाला मोकळे होतात, असे या आयुष्यांकडे पाहून वाटते.

लूथरन आणि कॅथलिक यांच्यातली जुनी तेढही बरीच निवळली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या ऑग्सबर्ग येथे दोघांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या: माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो केवळ कृपेने, स्वतःच्या पुण्याईने नाही. २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये कॅल्व्हिनच्या परंपरेतल्या चर्चसंघानेही त्याला संमती दिली. एकाला कृपा पोचते आणि दुसऱ्याला का पोचत नाही, या प्रश्नाचे उत्तर त्या घोषणापत्रानेही दिलेले नाही.

पाचव्या पॉल यांनी १६०७ मध्ये योग्य वेळी देऊ म्हणून राखून ठेवलेला तो निकाल आजतागायत जाहीर झालेला नाही.